सर्वानुमते

भातं पिकायला लागली की मी वर्गाच्या मागच्या खिडक्या उघडायला सांगते. आमचं कनिष्ठ महाविद्यालय शेतांच्या कडेलाच आहे. आश्विनातली दुपार तापते आणि लोंब्यांचा जरासा कोंड्यासारखा, जरासा गोड वास आत येतो. मुलांना त्याचं काही अप्रूप नसतं. निम्म्यांची मनं घरच्या कापणीत असतात, निम्म्यांची सहामाही परीक्षेत. मी त्यांना इंग्रजी शिकवते. यंदा एका धड्यात ‘युनॅनिमस’ हा शब्द आला आणि मी अर्थ विचारला.

“सर्वानुमते,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

“बिनविरोध,” दुसरी म्हणाली.

“गावकीत होतं तसं,” मागून कोणीतरी पुटपुटलं आणि वर्ग हसला.

मीही हसल्यासारखं केलं. शब्द फळ्यावर लिहिला, त्याचे दोन भाग केले, अर्थ सांगितला आणि धडा पुढे नेला. पण त्या संध्याकाळी एसटीने गावी परतताना खिडकीबाहेर कापलेली शेतं मागे पडत होती, आणि मला दुसरीच एक कापणी दिसत होती. तेव्हा मी अकरावीत होते.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीला धरून आत वसलेलं. भाताची शेतं, खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, आणि बांधाच्या अलीकडे गावकीच्या मालकीचा एक मोकळा माळ. त्या माळावर कधीच काही पिकलं नाही. तिथे म्हशी बसायच्या, मुलं क्रिकेट खेळायची, बायका सुकट आणि मिरच्या वाळत घालायच्या. फाल्गुनात गावाची होळी तिथेच पेटायची. तिच्या उजेडात खाडीचं पाणी क्षणभर तांब्यासारखं दिसायचं, एवढं मला आठवतं.

त्या वर्षी गणपती गेल्यावर मुंबईच्या एका पार्टीने माळ मागितला. बंगले बांधायचे होते. पैसे बरे मिळणार होते. देवळाला नवा सभामंडप होणार होता, घरटी वाटा मिळणार होता. पार्टीची अट एकच होती, सगळ्या गावाची संमती पाहिजे. मागाहून कोणी कोर्टात जाता कामा नये.

देवळात गावकी बसली. गावकीचे प्रमुख नारायणकाका. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे आजोबा लवकर गेले तेव्हा बाबांना नांगर धरायला शिकवलं ते या नारायणकाकांनी. माझ्या बारशाला पाळण्याचा दोर त्यांच्या बायकोने हलवला होता. आमच्या घरात त्यांचा शब्द कधी खाली पडलेला मी पाहिला नव्हता.

बैठकीत काय झालं ते बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं. मी पडवीत अभ्यास करत होते. बाबा बोलत होते आणि आई तांदूळ निवडत होती. मध्येच तिचा हात थांबला.

“नारानकाकांनी इचारलं, सगळ्यांचं एकमत हाय ना? सगळे म्हणाले, व्हय. मी म्हटलं, माझं न्हाय.”

“मंग?”

“मंग काय. काका म्हणाले, वसंता, तुझं का न्हाय? मी म्हटलं, काका, माळ गेला तर परत यायचा न्हाय. गुरं कुठं बसतील, पोरं कुठं खेळतील? होळी काय बंगल्याच्या गेटाम्होरं लावायची?”

“आनि ते काय बोलले?”

“काय न्हाय बोलले. नुसते बघत राहिले.”

वाळीत टाकलं आहे असं कोणी दारात येऊन सांगत नाही. ते अंगावर चढत जातं, उन्हाळ्यात घामोळं चढतं तसं. दुकानदार म्हणाला, मीठ संपलंय; त्याच्या मागे मिठाची गोण उघडी होती. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. गिरणी आतून टकटक चालूच होती. आई नळावर गेली की आधीच्या बायका हंडे अर्धे भरून निघून जायच्या. बाबा शेतीतून उरलेल्या दिवसांत लोकांच्या घरी विजेचं काम करायचे. ती बोलावणी थांबली. मी कॉलेजला जाण्यासाठी फाट्यावर विक्रम रिक्षाची वाट बघायचे, तेव्हा लहानपणापासूनच्या मैत्रिणी माझ्यापासून चार हात दूर उभ्या राहून त्यांच्या मोबाइलमध्ये बघत राहायच्या. त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

सगळ्यात जास्त सोसलं आईने. तिला बोलायला माणूस लागायचं. कुंपणावरून, विहिरीवरून, रस्त्यात थांबून ती दिवसभर कोणाशी ना कोणाशी बोलत असायची. आता ती म्हशीशी बोलायला लागली. “आज गवत वलं हाय गो, खा गुमान,” असं काहीतरी. नंतर नंतर म्हशीशीही बोलेनाशी झाली.

दसऱ्याच्या संध्याकाळी बाबा स्वच्छ सदरा घालून, हातात आपट्याची पानं घेऊन देवळाकडे गेले. मी म्हटलं होतं, जाऊ नका. ते म्हणाले, “सणाला कोन न्हाय म्हनत न्हाय.” थोड्या वेळाने परत आले. सगळी पानं तशीच मुठीत होती, दाबून काळपट झालेली. त्यातलं एक त्यांनी आईला दिलं, एक मला दिलं आणि म्हणाले, “सोनं घ्या. सोन्यासारखं राहा.” आईने पान घेतलं आणि आत निघून गेली.

याच दिवसांत कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमनी तो शब्द शिकवला होता. मॅडमना शब्दांच्या मुळाशी जायची सवय होती. परीक्षेला त्याचा उपयोग नव्हता, तरी त्या सांगायच्या. त्यांनी फळ्यावर ‘युनॅनिमस’ लिहिलं आणि मध्ये एक उभी रेघ मारली. “लॅटिनमध्ये ‘उनुस’ म्हणजे एक. ‘आनिमुस’ म्हणजे मन, जीव. ज्यांचा जीव एक आहे ते युनॅनिमस.” मग जरा थांबून म्हणाल्या, “या ‘आनिमुस’चं मूळ श्वासात आहे. आपल्याकडे प्राण म्हणतो ना, त्यातला ‘अन्’ धातू म्हणजे श्वास घेणं. दोन्ही एकाच जुन्या कुळातले शब्द. कितीतरी माणसं मिळून एकच श्वास घेतायत, असं काहीतरी त्या शब्दाच्या पोटात आहे.”

वर्ग संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले.

“मॅडम, सगळे हो म्हणाले आणि एकच जण नाही म्हणाला, तर?”

“तर तो शब्द वापरता येणार नाही. बहुमताने झालं असं म्हणायचं.”

“आणि त्या एकाला बाहेर काढलं, आणि मग उरलेले सगळे हो म्हणाले, तर?”

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या अलिबागच्या, त्यांना आमच्या गावचं काही ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, “शब्दकोशात त्याचं उत्तर नसतं गं. घरी सगळं ठीक आहे ना?”

मी हो म्हटलं आणि रडू आवरत जिना उतरले.

कापणी ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे. आमच्याकडे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात अशी माणसं फिरत जायची. ओळीने बायका वाकायच्या, विळे एका तालात चालायचे, कोणीतरी थट्टा करायचं, कोणीतरी चहा आणायचं. त्या वर्षी आमच्या शेतात तिघंच होतो, बाबा, आई आणि मी. मला फारसं कापता यायचं नाही. आई दोन ओळी पुढे जायची तेव्हा मी एकीच्या मध्यावर असायचे. शेजारच्या शेतांतून हसणं ऐकू येत होतं. आमच्या शेतात फक्त विळ्यांचा खरखर आवाज. कापलेलं भात दोन दिवस उन्हात पडून वाळावं लागतं, मगच भारे बांधून त्यांची उडवी, म्हणजे गंजी, रचायची. ते दोन दिवस आभाळ कोरडं राहावं म्हणून सगळं गाव देवाला विनवत असतं. निदान त्या बाबतीत आम्ही गावाबरोबर होतो.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी ढग जमले. परतीच्या पावसाचे, निळे-काळे, खाली वाकलेले. अर्धं भात कापून पडलेलं, अर्धं उभं. बाबा एकदा वर बघायचे, एकदा शेताकडे. मग पुन्हा वाकायचे.

तेव्हा बांधावरून सुगंधाकाकू आली.

काकूचं घर आमच्या घराला लागूनच. त्या दोन महिन्यांत तीही आमच्याशी बोलली नव्हती. तिचा नवरा, कृष्णाकाका, त्या बैठकीत होता आणि त्यानेही इतरांसारखं ‘व्हय’ म्हटलं होतं. काकूने पदर कमरेला खोचला होता आणि हातात विळा होता. ती शेतात उतरली आणि आईच्या शेजारची ओळ धरून कापायला लागली.

आई ताठ उभी राहिली. “सुगंधा, परत जा तू. तुला बी बाहेर टाकतील.”

“टाकू देत.”

“आख्ख्या गावाचं एकमत झालंय, माहीत हाय ना तुला?”

काकूचा विळा थांबला नाही. “कोनाचं एकमत? मना तं कोनी इचारलंच न्हाय. त्या दिवशी देवळात एक तरी बाई होती काय? आमी घरात भाकऱ्या थापत होतो. आमचं मत कोनी घेतलंच न्हाय, तं ते एक झालं कसं?”

आईने काकूच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघी वाकल्या.

थोड्या वेळाने बांधावरून नारायणकाका चालले होते. ते थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं.

“सुगंधे, घरला जा.”

काकूने मान वर केली नाही. “काका, आधी ढगाकडं बघा. मंग बोला.”

त्यांनी ढगाकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मला त्यांची वर झालेली मान आणि डोळ्यांवर धरलेला हात आजही दिसतो. मग ते खाली मान घालून त्यांच्या वाटेने निघून गेले.

पाऊस संध्याकाळी आला. तोवर आम्ही निम्मं भात उचलून घराच्या पडवीत, ओटीवर, माझ्या अभ्यासाच्या जागेवर रचलं होतं. निम्मं शेतात राहिलं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर लोंब्यांना पांढरे कोंब फुटलेले. त्या भाताचा तांदूळ आम्ही वर्षभर खाल्ला. त्याला कुबट वास होता. आई तो निवडायची, उन्हात घालायची, पुन्हा पुन्हा धुवायची, तरी वास जायचा नाही.

काकूचं घरही वाळीत पडलं. त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी कृष्णाकाका आमच्या पडवीत आले, बाबांच्या शेजारी बसले, विडी पेटवली आणि म्हणाले, “आता बोलायला तुमीच उरलात.” बाबा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आईचं म्हणणं होतं की पोलिसांत जावं. बाबा तयार नव्हते. त्यांची भांडणं मी ऐकायचे.

“तुमी गावाला घाबरता,” आई म्हणायची.

“गावाला न्हाय घाबरत. गावाशिवाय राहायला घाबरतो.”

“मी राहतेय ना? दोन महिने गावाशिवायच राहतेय.”

बाबा उठून म्हशीला गवत टाकायला जायचे. तक्रार केली नाही, ती नाहीच. या गोष्टीसाठी आईने बाबांना माफ केलं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

माळ गेला. बाबांच्या सहीशिवाय गेला. ठराव देवळात वाचून दाखवला तेव्हा त्यात ‘सर्वानुमते’ असंच लिहिलेलं होतं, असं नंतर कोणीतरी कृष्णाकाकांना सांगितलं. आता तिथे उंच भिंत आहे, भिंतीवर कॅमेरे आहेत, आत निळ्या पाण्याचा तलाव आहे म्हणतात. होळी शाळेच्या मागे, रस्त्याच्या कडेला लागते. लहानच लागते, वर विजेच्या तारा आहेत.

आणि वाळीत टाकणं संपलं तेही असंच, कोणी न सांगता. पुढच्या गणपतीत देवळातली वीज गेली. आरतीची वेळ झालेली, सगळा अंधार. कोणीतरी आमच्या दाराशी येऊन हाक मारली, “वसंता, जरा बघतोस काय रं?” जणू कालच भेट झाली होती. बाबांनी पिशवी उचलली आणि गेले. दिवे लागले. दुसऱ्या दिवशी दुकानात मीठ मिळालं. कोणी माफी मागितली नाही, कोणी ठराव मागे घेतला नाही. पुढे अशा प्रकाराविरुद्ध कायदा झाला, तेव्हा तर आमच्याकडे असं काही घडलंच नव्हतं, असं सगळे म्हणू लागले. तेही एकमताने.

सुगंधाकाकू मागच्या श्रावणात गेली. सगळं गाव आलं होतं. तिच्याबद्दल लोक चांगलं बोलत होते. मी आईजवळ उभी होते. आई मात्र एक शब्द बोलली नाही.

एकी हा शब्द मी शाळेच्या भिंतीवर, मिरवणुकीच्या फलकावर, निवडणुकीच्या पत्रकात वाचते तेव्हा मला दोन चित्रं दिसतात. एक देवळातलं, त्यात सगळे ‘व्हय’ म्हणतायत. दुसरं शेतातलं, दोन बायका शेजारी शेजारी वाकलेल्या आणि वरून ढग येतायत. मॅडम म्हणाल्या होत्या तो एक श्वास यांपैकी कुठे होता हे मला माहीत आहे. पण परीक्षेत तसं लिहिलं तर गुण मिळणार नाहीत, म्हणून मुलांना मी ‘सर्वानुमते’ एवढंच सांगते.

या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. पुन्हा तसेच ढग आले. नारायणकाका आता थकलेत. बायको गेली, मुलं नवी मुंबईला ट्रकच्या धंद्यात. कापायला मजूर मिळत नाहीत. बाबा सकाळी रस्त्यावरून येताना त्यांना एकटंच शेतात वाकलेलं बघून आले. घरी येऊन त्यांनी छपरात खोचलेला विळा काढला.

आई दारात बसली होती. “कुठं?”

“नारानकाकांचं भात पडलंय.”

आईने विळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आपलं पडलं होतं तवा तो मानूस ढगाकडं बघून निघून गेला. तुमी जा. मी न्हाय येनार.”

“मी तुला ये म्हटलं न्हाय,” बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. ते गेले.

दुपारी मी पाण्याची बाटली घेऊन बांधावर गेले. दोन म्हातारे लांब लांब, आपापल्या ओळीत कापत होते. बाबा मधूनच कमरेला हात लावून उभे राहत होते. वारा सुटला होता. मी चपला काढल्या आणि खाली उतरून कापलेलं भात गोळा करायला लागले. कोणासाठी उतरले, ते मला अजून सांगता येत नाही.

शेवटचा भारा उचलून झाल्यावर नारायणकाका बांधावर बसले. श्वास लागला होता. ते पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी बाबांना विचारलं, “घरून... ती न्हाय आली?”

“न्हाय,” बाबा म्हणाले. “तिचं मत येगळं हाय.”

नारायणकाकांनी बाटलीचं झाकण लावलं.

“असंल,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “बरोबर हाय तिचं.”

आम्ही घरी आलो तेव्हा पावसाचे पहिले थेंब पडत होते. परसातल्या चुलीवर आईने मोठा हंडा चढवला होता आणि ती लाकडं आत सारत होती. मी तिच्याजवळ बसून नारायणकाका काय म्हणाले ते तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. जाळावर फुंकर घातली, राख डोळ्यांत गेली तशी पदराने डोळे पुसले.

“आता म्हनतोय,” ती म्हणाली.

मग तिने दाराकडे तोंड करून बाबांना हाक मारली, “कंबर धरली असंल तुमची. पानी काढते, न्हानीत जा.”